परदेशात दोन-तीन महिने राहायचंय? आधी तिथली रात्र तपासा

आठ दिवसांच्या सहलीत हवा थोडी इकडची तिकडे झाली तरी निभावतं. ऊन झालं तर दुपारी खोलीत पडायचं, पाऊस आला तर एखादं संग्रहालय बघायचं, दिवस निघून जातो. दोन-तीन महिने एका जागी राहायचं म्हटलं की मात्र त्या हवेत रोज झोपायचं असतं, पोळ्या लाटायच्या असतात, कपडे वाळवायचे असतात, भाजीची पिशवी घेऊन चालत यायचं असतं. हवा मानवली नाही तर ही साधी कामंच जड होतात, आणि परतीचं तिकीट पुढच्या-पुढच्या महिन्यातलं असतं.

अशा मुक्कामाचा पहिल्यांदाच विचार करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मुलांकडे राहायला जाणारे आईवडील, निवृत्तीनंतर एखादा उन्हाळा बाहेर काढू पाहणारी जोडपी, लॅपटॉप उघडला की कुठूनही काम करता येतं अशी तरुण मंडळी. बहुतेक जण शहराचं नाव टाकून कमाल तापमान बघतात, "एकतीस? मग काय, आपल्यापेक्षा बरंच!" म्हणतात आणि तिकीट काढून मोकळे होतात. माझ्या मते कमाल तापमान हा या सगळ्यातला सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे.

पायरी १: तुम्हाला कोणते महिने चुकवायचे आहेत?

आपला उन्हाळा आणि युरोप-अमेरिकेचा उन्हाळा एका वेळी येत नाहीत. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून तापायला लागतं आणि मृगाचा पाऊस पडला की उतरतं. तिकडे खरा उन्हाळा जून ते ऑगस्ट. पुण्यात जुलैत दिवसाचं कमाल तापमान सरासरी २८ अंशांच्या आसपास आणि पहाटेचं २२-२३ असतं. इतकी चांगली हवा सोडून पुण्या-नाशिकच्या माणसाने जुलैत केवळ गारव्यासाठी विमानाचे पैसे मोजावेत, हे मला पटत नाही. गारवा हवा असेल तर निघायचं मार्चच्या मध्याला आणि परतायचं जूनच्या मध्याला. नागपूर, अकोला, जळगावकरांनी जून अखेरपर्यंतचा विचार करावा, कारण तिकडे पाऊस उशिरा पोचतो आणि तोवर उन्हाच्या झळा चालूच असतात.

पण सगळ्यांना महिने निवडता येत नाहीत. नातवंडांच्या शाळेला सुट्टी लागते जूनमध्ये, आणि मुलगा-सून बोलावतात तीही तेव्हाच, कारण दिवसभर पोरांकडे बघायला घरचं माणूस हवं असतं. हे कारण अगदी रास्त आहे. फक्त ते आधी आपसात मोकळेपणाने बोलून घ्यावं. महिना ठरलेला असेल तर सगळा जोर शहरावर लावायचा. शहरही ठरलेलं असेल तर घरावर, म्हणजे कुठली खोली, कुठला मजला, कुठल्या दिशेच्या खिडक्या यावर. तिन्ही हातात असणारे नशीबवान थोडेच.

पायरी २: दवबिंदू बघायला शिका

सोलापूरची माझी एक मावशी जुलैत न्यू जर्सीला लेकीकडे गेली होती. फोनवर म्हणाली, "अगं, सोलापुरात बेचाळीस अंशांत मी गच्चीवर पापड घालते, आणि इथे तीसला जीव नकोसा झालाय." घरच्यांना वाटलं, वयामुळे होतंय. पण तिचं शरीर बरोबरच सांगत होतं. अंग गार होतं ते घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि आतली उष्णता आतच राहते.

हे बाष्प मोजायचा भरवशाचा आकडा म्हणजे दवबिंदू. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागेल, ते तो सांगतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर पाणी जमतं ते याच कारणाने. हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये हा आकडा तपशिलात असतो, पण सहसा कोणी तिथपर्यंत जात नाही. जावं. वाचायचा कसा, ते सांगते. दवबिंदू १६ अंशांच्या खाली असेल तर हवा मोकळी लागते. १६ ते १८ ला दमटपणा जाणवू लागतो, पण त्रास नसतो. १८ ते २१ ला चिकचिक सुरू होते. २१ च्या वर घाम वाळेनासा होतो, आणि २४ च्या वर गेला की तो मुंबईचा मे महिना. अमेरिकेतले ॲप फॅरनहाइट दाखवतात, तिथे ६० पर्यंत छान, ६५ ला चिकचिक आणि ७० च्या वर नको, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

"पण मी आर्द्रतेची टक्केवारी बघितली होती की!" असं पुष्कळ जण म्हणतात. टक्केवारी फसवते. लंडनमध्ये पहाटे १४ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो साधारण १२, म्हणजे हवा सुखद. मुंबईत दुपारी ३४ अंश आणि ६० टक्के असेल तर तो येतो २५. टक्के कमी, हाल जास्त. नागपुरात ४३ अंश आणि १५ टक्के असताना दवबिंदू जेमतेम ११ असतो. याचा अर्थ ती हवा निर्धोक आहे असा मुळीच नाही. चाळिशीपुढची कोरडी हवा घाम इतक्या झपाट्याने वाळवते की अंगातलं पाणी कधी संपलं ते कळत नाही, आणि उष्माघात होतो. तेव्हा दवबिंदू कमी आणि कमाल तापमान तेहतीस-चौतिसाच्या आत, अशी दोन्हींची जोडी बघायची.

आकडे कुठे मिळतील? वेदर स्पार्कसारख्या संकेतस्थळावर महिन्यागणिक दमटपणाचे पट्टे काढलेले असतात, नवख्या माणसाला ते सर्वांत सोपं. त्याहून ताजं हवं असेल तर त्या शहराच्या विमानतळाचा 'मेटार' बघा. वैमानिकांसाठी दर तासाला किंवा अर्ध्या तासाला निघणारा हा हवामानाचा संदेश असतो. त्यात मध्येच ३१/२६ असा तिरक्या रेघेचा जोडआकडा दिसतो. डावीकडचं तापमान, उजवीकडचा दवबिंदू. उजवीकडचा आकडा जितका मोठा तितकी हवा जड. तुम्हाला ज्या महिन्यात जायचंय त्याच महिन्यात, आदल्या वर्षी, हे आकडे रोज बघायची सवय लावली तर शहराची चांगली ओळख होते.

पायरी ३: पहाटेचा आकडा

दुपार कशीही काढता येते. पडदे ओढा, पंखा लावा, ताक प्या, झोपा. रात्र मात्र शरीराला भरपाई म्हणून लागते. रात्री हवा उतरली नाही तर दिवसभराचा शीण साठत जातो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस चिडचिडा होतो, जेवण जात नाही, पाय सुजतात. म्हातारपणी तर उष्णतेच्या लाटेत खरा घात होतो तो लागोपाठच्या गरम रात्रींनी.

म्हणून शहराच्या तक्त्यातला 'सरासरी किमान' हा रकाना आधी वाचा. किमान २० च्या आत असेल तर खिडकी उघडून सुखाने झोप लागते. २० ते २४ ला पंखा हवा. २५ च्या वर असेल तर एसी नसलेल्या घरात मुक्काम करायचा नाही, भाडं कितीही स्वस्त असो. डॅलसमध्ये जुलै-ऑगस्टात दिवस ३५-३६ चा आणि रात्र २४-२५ ची. फीनिक्समध्ये २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस तापमान ४३ अंशांच्या वर गेलं होतं आणि कित्येक रात्री ३२ च्या खाली उतरल्याच नाहीत. उलट पुण्यात एप्रिलची दुपार ३८ ची असली तरी पहाट विशीच्या आसपास उतरते, म्हणून तो महिना निभतो. पुणेकरांनी परदेशातलं शहर बघताना हीच तुलना करावी, ती अंगाला ठाऊक आहे.

पायरी ४: नकाशा उघडा

गारवा तीन गोष्टींनी मिळतो: उंची, थंड समुद्र आणि विषुववृत्ताची पलीकडची बाजू.

उंचीचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, म्हणून कोकणात घामाच्या धारा लागलेल्या असताना तिथे शाल लागते. पण उंचीबरोबर पाऊसही येतो, आणि तो डोंगराच्या कोणत्या बाजूला तुम्ही आहात यावर ठरतो. हे आपल्याला कोणी वेगळं शिकवायला नको. महाबळेश्वरहून पाचगणी एकोणीस-वीस किलोमीटरवर, तरी तिथला पाऊस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि खाली वाईला त्याहून कमी. परदेशातला नकाशा वाचताना हीच नजर ठेवायची. वारा कुठून येतो, डोंगर कुठे आहे, आपलं घर अलीकडे की पलीकडे?

समुद्राचं तसंच. 'किनारा म्हणजे गार वारा' हे अर्धंच खरं आहे. समुद्र थंड असेल तर किनारा गार. कॅलिफोर्निया, पोर्तुगाल इथे थंड पाणी आहे. समुद्र कोमट असेल, जसा सिंगापूरला किंवा दुबईला, तर तो वाऱ्याबरोबर बाष्पच पाठवतो.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला आपल्या जून-जुलैत हिवाळा असतो, एवढं शाळेतलं भूगोलाचं ज्ञान इथे कामी येतं.

पायरी ५: काही ठिकाणं, माझ्या मतांसकट

*मॉरिशस.* जून ते सप्टेंबरसाठी मी सर्वांत आधी हेच नाव सुचवते. जुलै-ऑगस्टात किनाऱ्यावर दिवसा २४-२५, पहाटे १७-१८. चक्रीवादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे तो टळलेला असतो. वेळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, त्यामुळे घरच्यांशी बोलायला किंवा पुण्याच्या ऑफिसचं काम करायला अडचण नाही. भारतीयांना आधीपासून व्हिसा काढावा लागत नाही. उतरल्यावर किती दिवसांची परवानगी मिळते ते मात्र निघण्याआधी ताजं तपासून घ्या.

या एवढ्याशा बेटावर घर कुठे घ्यायचं याने मात्र सगळा फरक पडतो. या महिन्यांत आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर दिवसभर वारा, खिडक्या धडधडतात, बाल्कनीत चहा घेऊन बसता येत नाही. मधल्या पठारावर क्युरपिप आहे, साडेपाचशे मीटरच्या आसपास. तिथे ढग अडतात, रिपरिप चालू राहते, कपडे वाळत नाहीत, दिवसाही वीस अंशांच्या आसपास गारठा. वाऱ्याच्या आड असलेला पश्चिम किनारा, फ्लिक-आँ-फ्लाकचा पट्टा, कोरडा आणि उन्हाचा. उत्तरेचं ग्राँ बेही बरं. संधिवाताचा त्रास असणाऱ्यांनी पठारावरचं स्वस्त घर घेऊ नये. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: तिथे हिवाळा असल्याने सहा वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि संध्याकाळची फेरी पाचलाच उरकावी लागते.

आणखी एक ओढ आहे. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आजही आहेत, त्यात कोकणातून गेलेले पुष्कळ. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. मुक्काम तेव्हापर्यंत लांबवता आला तर जरूर लांबवावा. घरापासून इतक्या दूर, समुद्रात गणपती विसर्जन होताना बघणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

*दा लात, व्हिएतनाम.* मार्चच्या मध्याला निघू शकणाऱ्यांनी हे बघावं. सुमारे १,५०० मीटर उंची. फ्रेंचांनी थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलेलं गाव, त्यामुळे तळं, पाइनची झाडं, जुने बंगले असा थाट. वर्षभर दिवसा २२ ते २६ आणि रात्री ११ ते १७ च्या आसपास. खाली हो ची मिन्ह सिटी पस्तिशीत भाजत असते तेव्हा इथे रात्री पांघरूण लागतं. मे महिन्यापासून मात्र जवळपास रोज दुपारी पाऊस, तो ऑक्टोबरपर्यंत. मार्च-एप्रिल उत्तम. ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, म्हणजे एक अख्खा मुक्काम त्यात बसतो. शाकाहाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेलीच जागा घ्यावी. बाजारात भाज्या भरपूर आणि ताज्या मिळतात, कारण तो सगळा परिसर भाजीपाल्याचा आहे.

*नैरोबी.* विषुववृत्ताजवळ असूनही थंड, कारण शहर जवळजवळ १,८०० मीटरवर आहे. जुलैत दिवसा २१-२२, पहाटे ११-१२. दिवसच्या दिवस ढगाळ. ज्यांना उन्हाशिवाय करमत नाही त्यांना ही हवा उदास वाटेल. मार्च ते मे तिथे मोठा पाऊस, तेव्हा नको. भारतीय, मुख्यतः गुजराती, वस्ती जुनी आहे; डाळी, पीठ, मसाले सहज मिळतात. पण केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात. साठीच्या पुढच्या माणसांना या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता तरुणांपेक्षा अधिक असते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय केनियाचं तिकीट काढू नका.

*सलाला, ओमान.* आखातात मुलं असलेल्यांना याची माहिती असते. आपला नैर्ऋत्य मोसमी वाराच तिथे धुकं आणि भुरभुर घेऊन येतो, त्याला तिकडे खरीफ म्हणतात. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. मस्कत चाळिशी ओलांडत असताना सलाला २५ ते २७ वर असतं, डोंगर हिरवेगार होतात. तापमानाचा आकडा बघून भुरळ पडते, पण दवबिंदू बघा, तो २३ च्या आसपास असतो. अंथरूण ओलसर, कपडे ओलसर, भिंतीला बुरशी. आठवडाभर जाऊन यावं, फार सुंदर आहे. दोन महिने राहू नये. शिवाय जुलै-ऑगस्टात सगळं आखात तिथे लोटतं आणि भाडी वाढतात.

*अमेरिका.* सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मराठी घरं भरपूर, म्हणून थोडं तपशिलात सांगते. तिथे शहराचं नाव पुरत नाही, टेकडीच्या कुठल्या बाजूला घर आहे ते विचारावं लागतं. किनाऱ्यालगतचं पाणी थंड आहे. आतली दरी तापली की ती हवा वर उठते आणि समुद्रावरची गार हवा, धुक्यासकट, गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढली जाते. त्यामुळे खुद्द सॅन फ्रान्सिस्कोत जुलैत दिवसा १९-२० अंश आणि संध्याकाळी स्वेटरशिवाय फिरवत नाही. फ्रीमाँट, सनीव्हेलला २६ ते २८, हवा कोरडी, रात्री गार. टेकड्यांपलीकडे प्लेझंटन, सॅन रॅमोनला तिशीच्या वर. आणखी आत ट्रेसीला ३३-३४. सगळं शंभर किलोमीटरच्या आत. "लेक बे एरियात असते" एवढ्यावर बॅग भरू नका. फ्रीमाँटसारखी हवा जगात फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि तिथे मुलं असतील तर जून-जुलै बिनधास्त जा. ऑगस्टपासून वणव्यांच्या धुराची शक्यता असते. दमेकऱ्यांनी मुक्काम अलीकडे ओढावा.

सिएटलमध्ये जुलै-ऑगस्ट कोरडे, २५-२६ अंशांचे, रात्री १३-१४. ह्यूस्टनमध्ये दवबिंदू २३-२४, म्हणजे मुंबईच. तिथे मुलं असतील तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर मागून घ्या. न्यू जर्सी, शिकागोला मे आणि सप्टेंबर फार चांगले.

*युरोप.* पोर्टोला जुलैत दिवसा २५, रात्री १५-१६. एडिंबराला १९ आणि ११, पण रात्री दहापर्यंत उजेड आणि पहाटे साडेचारला पुन्हा सूर्य. जाड पडदे नसतील तर झोपेची वाट लागते. दक्षिण स्पेन, रोम, अथेन्स जुलै-ऑगस्टात टाळा, एप्रिल-मेमध्ये जा.

पायरी ६: सरासरीच्या पलीकडे काय घडू शकतं?

सरासरी आकडे तीस वर्षांचे असतात आणि तुम्ही राहणार एकाच वर्षी. २८ जून २०२१ ला सिएटलमध्ये ४२ अंश तापमान झालं. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये ४०.३ अंशांची नोंद झाली. ऑगस्ट २००३ च्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं दगावली, बहुतेक वयस्कर. ही शहरं वाईट आहेत म्हणून हे सांगत नाही. तिथली घरं गारठा अडवण्यासाठी बांधलेली असतात. भिंती उष्णता धरून ठेवतात, एसी नसतो, छताला पंखाही नसतो. चार दिवसांची लाट आली तर तुम्ही काय कराल, याचं उत्तर आधी ठरवून ठेवा. जवळचं ग्रंथालय, मॉल, एसी असलेलं नातेवाइकांचं घर, काहीही चालेल, पण नाव ठरलेलं असावं.

धुराचाही असाच विचार करा. थायलंडमधलं चिआंग माई लॅपटॉपवर काम करणाऱ्या तरुणांचं लाडकं शहर आहे, पण फेब्रुवारी ते एप्रिल तिथे शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर साचतो. नेमके आपण तेव्हाच निघतो.

पायरी ७: व्हिसाचे दिवस

इथे थोडक्यात. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस, मग देश कितीही बदला. ब्रिटनचा पाहुण्यांचा व्हिसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. अमेरिकेत किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने. आय-९४ वरची, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवरची, तारीख घरी पोचल्यावर लगेच बघून घ्या. कझाकस्तानात व्हिसाशिवाय फक्त १४ दिवस मिळतात, म्हणून अल्माटीची हवा कितीही कोरडी-मोकळी असली तरी लांबच्या मुक्कामाला ती सोय अपुरी पडते. नियम बदलतात, तेव्हा तिकिटाआधी त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ बघणं आलंच.

पायरी ८: घर

शहर बरोबर निवडलं आणि घर चुकलं तर सगळं वाया जातं. घरमालकाला, किंवा मुलाला-सुनेलाही, हे प्रश्न विचारायला संकोच करू नका:

- झोपायची खोली वरच्या, छताखालच्या मजल्यावर आहे का? असेल तर दुसरी मागा.
- पश्चिमेला मोठी काच आहे का? उत्तरेकडच्या देशांत जूनमध्ये रात्री नऊपर्यंत ऊन त्या काचेतून आत येत राहतं.
- समोरासमोर खिडक्या आहेत का, आणि त्या पूर्ण उघडतात का? बऱ्याच इमारतींत त्या चार बोटंच उघडतात.
- खिडक्यांना जाळी आहे का? युरोपात सहसा नसते.
- एसीचं बिल भाड्यात धरलेलं आहे की वेगळं?
- कपडे कुठे वाळतात?
- गार जागी जात असाल तर हीटर आहे का? नैरोबी, मॉरिशसच्या घरांत तो गृहीत धरू नका.

खोलीचे फोटो नेहमी सकाळच्या उजेडात काढलेले असतात. मालकाला दुपारी चारला एक छोटा व्हिडिओ पाठवायला सांगा, खिडकीपासून पलंगापर्यंत. ऊन कुठवर आत येतं ते त्यात स्वच्छ दिसतं. व्हिडिओ पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याचं घर मी सुचवणार नाही.

पायरी ९: स्वतःचं शरीर

जायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर गरम किंवा कोरड्या हवेत मात्रा बदलावी लागेल का? आणि इन्सुलिन किंवा इतर औषधं एसी नसलेल्या घरात कशी ठेवायची? वय वाढतं तशी तहान कमी लागते, म्हणून तहान लागण्याची वाट न बघता पाणी प्यायचं. दमा असेल तर धुरापासून आणि बुरशीपासून लांब, संधिवात असेल तर ओल्या गारठ्यापासून लांब. नवरा-बायकोच्या गरजा वेगळ्या असतील तर ज्याची तब्येत नाजूक त्याच्या हिशेबाने शहर ठरवा. दुसऱ्याला पंखा किंवा स्वेटर पुरतो.

पायरी १०: पहिले दहा दिवस

शक्य असेल तिथे घर सुरुवातीला दहा-बारा दिवसांसाठीच घ्या आणि वाढवायची मुभा आधी लिहून घ्या. भाडं दिवसाला थोडं जास्त पडेल, पडू द्या. जाताना तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र बरोबर न्या. बाजारात काहीशे रुपयांत मिळतं आणि मुठीत मावतं. ते उशाशी ठेवायचं, रात्री पाण्याला उठाल तेव्हा आणि पहाटे बघायचं, आणि वहीत दोन आकडे टिपायचे. खोलीत रात्री तीनला २६ च्या वर असेल, किंवा आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या पुढे असेल, तर पहिल्या आठवड्यातच खोली बदलून मागा. अंगाला सवय होण्यासाठी साधारण एक ते दोन आठवडे लागतात हे खरं, पण ती सवय दिवसाच्या हवेची होते; न झोपलेल्या रात्रींची होत नाही. आठव्या-नवव्या दिवशीही झोप लागत नसेल तर मुदत वाढवायच्या आधी दुसरी जागा बघायला निघा, आणि घर रद्द करायची शेवटची तारीख कोणती हे आल्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.